त्या फोटोत पहिल्या रांगेत मी आहे

सकाळपासून तिघांनी एकाच फोटोत मला टॅग केलंय. 'लोकसहभागातून साकारलेला रस्ता.' पहिल्या रांगेत मी, हातात पाण्याची बाटली, चेहऱ्यावर हसू. खाली अभिनंदनाचा पाऊस. डोकंच फिरलं.

कसला लोकसहभाग? रस्त्याच्या आराखड्यावर मंगळवारी सकाळी अकराला बैठक! आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी पहाटे मार्केट यार्डातून माल आणतात. त्या दिवशी पथारी सुनेवर सोपवून आल्या आणि मागे भिंतीला टेकून बसल्या. स्लाइड सगळ्या इंग्रजीत. मी सायकल ट्रॅकवर दहा मिनिटं बोललो, सल्लागार 'सर, सर' करत लिहून घेत होता. माइक मावशींपर्यंत पोचला तेव्हा चहा आला होता. त्यांनी एकच विचारलं, "आमच्या भाजीच्या ओट्यांची तोंडं मावळतीकडं का? दुपारनंतर पालेभाजी करपून जाईल." "नोट केलंय मावशी." पुढची स्लाइड.

हे आजचं नाही. 2016 च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत पुणं दुसरं आलं, केवढे नाचलो आपण! आणि नमुना भाग म्हणून निवडलं काय, तर आधीच सुखवस्तू असलेलं औंध-बाणेर-बालेवाडी. तुपाच्या ताटात आणखी तूप. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात लिहिलंय की शहराच्या पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी पथारीवाल्यांनीच निवडून दिलेले हवेत. बरं झालं, खुर्ची मिळाली. त्या खुर्चीतून बोललेलं ऐकायचंच, असं कलम कुठाय?

हो, फुटपाथवर म्हाताऱ्या माणसांना चालायला जागा हवीच. सगळ्यांचं ऐकत बसलं तर रस्ता होत नाही, तेही कबूल. पण मग ऐकलं कुणाचं? ज्याला मंगळवारी अकराला वेळ होता त्याचं.

याच शहरात कचरावेचकांनी 'स्वच्छ' ही स्वतःची सहकारी संस्था उभी करून 2008 मध्ये महापालिकेशी करार केला. त्यांच्या पाठीशी 1993 पासूनची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, म्हणजे त्यांची संघटना, होती. मावशींच्या पाठीशी एक सून.

आणि मी होतो की तिथे. "आधी ओट्यांचं बोला" एवढं म्हटलं असतं तर सल्लागाराला थांबावं लागलं असतं, 'सर' होतो ना मी. नाही म्हटलं. बिस्किटं आली होती. माझा सायकल ट्रॅक मात्र झाला. त्यावर आता मोटारी उभ्या असतात. एकदा माझीही होती, खोटं कशाला बोलू.

आत्ता संध्याकाळी जाऊन आलो. मावशींनी उन्हासाठी ओट्यावर फ्लेक्स बांधलाय, याच रस्त्याच्या उद्घाटनाचा, उलटा करून. त्यांना फोटोबिटो काही माहीत नाही. "तुमचं सायकलीचं झालं ना हो?" एवढंच विचारलं, अगदी आपुलकीनं. मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. एक पार मान टाकलेली होती, तिचे पैसे त्या घेईनात.

टॅग काढलाय. कृपा करून परत लावू नका.