पेपर माझा, आणि तो परत मागायला पैसेही मीच द्यायचे?

आज दुसरं लेक्चर संपवून स्टाफरूममध्ये आले, तर आमच्या डिपार्टमेंटची एक पीएचडी करणारी मुलगी दारात उभी. आत येईना. मी म्हटलं, अगं ये की. तर डोळे भरलेले. काही न बोलता मोबाइल पुढे केला. तिने आपला शोधनिबंध, म्हणजे पेपर, ज्या जर्नलला (संशोधनाच्या नियतकालिकाला) पाठवला होता, त्यांचा मेल होता. पेपर मागे घ्यायचा असेल तर १८० डॉलर विथड्रॉवल फी सात दिवसांत भरा, नाहीतर तुमच्या विद्यापीठाला कळवू. खाली संपादकाचं नाव नाही, पत्ता नाही. पैसे भरायला क्यूआर कोड मात्र होता.

पंधरा हजारांच्या वर रक्कम होते ती. पोरीला फेलोशिप नाही. सकाळी एका क्लासमध्ये शिकवते आणि दुपारी लॅबमध्ये येते.

‘मॅडम, सरांना सांगू नका,’ एवढंच म्हणाली. तेव्हापासून डोकं तापलंय माझं. घरी आले, चहासुद्धा घेतला नाही, आधी हे लिहायला बसले.

कारण हाच मेल मला २०१३ साली आला होता.

तेव्हा मी सीएचबीवर, म्हणजे तासांवर पैसे मिळणारी शिक्षिका होते. तासांचे पैसे कधी जमा होतील याचा नेम नसायचा. आमच्या भागातल्या माळरानावरच्या गवतांवर पेपर लिहिला होता. तीन पावसाळे दर रविवारी पहिल्या एसटीने जायचे. चार खुंट्या, सुतळी, मीटर बाय मीटरचा चौकोन, आणि त्यात कुसळी किती, मारवेल किती, पवन्या किती, हे वाकून मोजायचं. संध्याकाळी घरी आले की सलवारीच्या कडांना कुसळं रुतलेली असायची. आई दिव्याखाली बसून चिमट्याने एकेक काढायची. बोटाला टोचलं की म्हणायची, ‘तुझ्या गवताला दात आहेत गं.’

तो पेपर मी एका ‘इंटरनॅशनल’ जर्नलला पाठवला. कुणीतरी म्हणालं, आयएसएसएन आहे म्हणजे चांगलं असणार. आयएसएसएन हा नियतकालिकाची ओळख पटवणारा नुसता नंबर असतो, दर्जाशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. तीन दिवसांत अ‍ॅक्सेप्टन्स आलं. एक शंका नाही, एक दुरुस्ती नाही. तीन पावसाळ्यांचं काम तीन दिवसांत कुणी वाचलं असेल? मला धडधडायला लागलं. पेपर मागे घेते म्हणून कळवलं, आणि उलट टपाली १५० डॉलर मागणारा मेल.

खंडणी आहे ही. दुसरा शब्द मला सापडत नाही. रिव्ह्यू केला नाही, छापलं नाही, कशाचे पैसे? वही वाण्याकडे विसरली आणि परत आणायला गेले तर त्याने भाडं मागावं, तसं झालं हे.

आणि हे एकट्या-दुकट्याचं नाही. हैदराबादच्या ओमिक्स या जर्नल्स काढणाऱ्या समूहावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१६ साली खटला भरला, त्यात हीच तक्रार होती: फी आधी नीट सांगत नाहीत, आणि पेपर मागे घेऊ म्हटलं तर घेऊ देत नाहीत. मार्च २०१९ मध्ये कोर्टाने ५ कोटी डॉलरच्या वरचा आदेश दिला. (माझं जर्नल ते नव्हतं. असली दुकानं पुष्कळ आहेत.) आपल्याकडे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मान्य जर्नल्सच्या स्वतःच्याच यादीतून मे २०१८ मध्ये ४,३०५ जर्नल्स काढून टाकली. म्हणजे तोवर ती यादीत होती! त्यांच्या भरवशावर किती पोरांनी पैसे भरले असतील? मग यूजीसीची केअर नावाची नवी यादी आली, २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता कॉलेजांनी आणि विद्यापीठांनी आपलं आपण ठरवायचं. मग त्या पोरीने कुणाला विचारायचं?

गाइडला विचारायचं, असं तुम्ही म्हणाल. गाइडच म्हणतात, ‘आधी पेपर टाक, मग सिनॉप्सिसचं (प्रबंधाच्या गोषवाऱ्याचं) बघू.’ प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापून आलाच पाहिजे ही अट यूजीसीने नोव्हेंबर २०२२ च्या नियमांतून काढली. तरी पोरांच्या मानेवरचं जू काही उतरलेलं नाही. नोकरीच्या मुलाखतीत पेपर मोजतात, प्रमोशनला मोजतात. मोजतात सगळे, वाचत कुणीच नाही. ज्याला वाचायचं नाही त्याने मोजू तरी कशाला?

हो, एक मान्य करते. काही जण एकच पेपर दोन-तीन ठिकाणी टाकतात आणि जिथे आधी लागेल तिथे ठेवून बाकीचे मागे घेतात. चांगल्या जर्नलचे रिव्ह्यूअर, म्हणजे पेपर तपासणारे तज्ज्ञ, फुकट वेळ देतात, त्यांच्या कष्टांची माती होते. ते चूकच. पण त्याची शिक्षा पेपर नाकारणं असू शकते. डॉलर उकळणं असू शकत नाही.

माझं पुढे काय झालं ते सांगते. मी घाबरले. विद्यापीठाला कळवतील, रजिस्ट्रेशन जाईल, असं वाटलं. नऊ हजारांच्या आसपास होत होते, तेवढे जवळ नव्हते. आईने त्या महिन्यात उचललेली भिशी पुढे केली. ‘भर आणि मोकळी हो,’ म्हणाली. भरले. दोन महिन्यांनी तो पेपर त्यांच्या वेबसाइटवर झळकला. माझ्या आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं. मधल्या काळात मी तो एका खऱ्या जर्नलला पाठवला होता. त्यांचं पत्र आलं की हे आधीच प्रकाशित आहे, आम्ही घेऊ शकत नाही. पैसे गेले ते गेले, तीन पावसाळेही गेले. आईला मी पेपर छापून आला एवढंच सांगितलं. तिने देवापुढे साखर ठेवली.

हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

लिहिता लिहिता राग ओसरला थोडा. दुपारी त्या मुलीला आधी पाणी दिलं आणि विचारलं, कॉपीराइट फॉर्मवर सही केलीस का? नाही म्हणाली. मग सांगितलं, ऐक, आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यातल्या कलम १७ नुसार लिखाणाचा पहिला मालक लिहिणारा. आणि कलम १९ म्हणतं की लेखी, सही केल्याशिवाय हक्क दुसऱ्याकडे जात नाही. तुझा पेपर तुझाच आहे. मी हे सांगत होते आणि मला सारखी ती दिव्याखालची बोटं दिसत होती.

दोघींनी मिळून चार ओळींचा मेल लिहिला. मी माझा पेपर मागे घेत आहे. मी कोणत्याही कॉपीराइट करारावर सही केलेली नाही. सबमिट करताना कोणतीही विथड्रॉवल फी कळवलेली नव्हती, म्हणून ती देणार नाही. माझ्या संमतीशिवाय पेपर प्रकाशित करू नये. सबमिशनच्या पानाचे, त्यांच्या मेलचे स्क्रीनशॉट काढून ठेवले. मेलची प्रत विद्यापीठाच्या संशोधन विभागाला लावली. म्हणजे ‘कळवू’ म्हणून धमकवायला काही उरलंच नाही, आम्हीच कळवलं. शेवटी तिच्या गाइडनाही प्रत लावली. तिथे तिचा हात थांबला होता. मी म्हटलं, मी बोलते सरांशी. उद्या अकराला बोलणार आहे.

सेंड केल्यावर विचारते, ‘मॅडम, तरी छापला तर?’

पटकन उत्तर देता आलं नाही मला. म्हटलं, छापलाच तर हा आजच्या तारखेचा मेल आपल्या हातात आहे, तो घेऊन चांगल्या जर्नलच्या संपादकांना मी स्वतः पत्र लिहीन. माझ्याकडे तेव्हा असा मेल नव्हता. पैसे भरल्याची पावती होती.

ज्यांना असे मेल आलेत त्यांनी मला इनबॉक्समध्ये पाठवा, नाव झाकून पाठवलं तरी चालेल. गाइड असाल तर उद्या तुमच्या पोरांना एकदा विचारा, कुठे पाठवलायस म्हणून. ओरडू नका फक्त.

रात्रीचे साडेनऊ झाले. तिचा आत्ताच मेसेज आला, अजून त्यांचं उत्तर नाही. आलं की कमेंटमध्ये लिहिते.