स्विंडनचं भाडं, गोव्यातलं घर आणि ‘गप्प बसा’चा सल्ला

पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेल्यांच्या गोव्यातल्या घरांत सध्या एक लांबलचक मराठी मेसेज फिरतोय. आईवडील तो तिकडे स्विंडनला, लंडनच्या साऊथॉलला मुलांना पाठवतात आणि मुलं ‘हो’ म्हणून पुढे ढकलतात. त्याचा सारांश असा: ‘हाऊसिंग बेनिफिटच्या (भाड्यासाठीच्या सरकारी मदतीच्या) अर्जात काही चुकलं असेल तर तोंड उघडू नका. सांगितलंत की फ्रॉडची केस होते, सेटल्ड स्टेटस (तिथे कायम राहण्याची परवानगी) जातं. चवथीला (गणेशचतुर्थीला) गावी आलात तर कळवायची गरज नाही. गोव्यातलं घर तिथे मोजतच नाहीत. चूक कौन्सिलची (तिथल्या नगरपालिकेची) असेल तर एक पेनीही परत द्यायची नसते. आणि कबूल केलंत तर सगळी रक्कम एकदम भरावी लागते, भाड्याचं घर हातचं जातं.’

या मेसेजमध्ये थोडं खरं आहे. तेवढ्यामुळेच तो लोकांना पटतो.

आधी एक घोळ सोडवू. कामाच्या वयातल्या बहुतेकांच्या भाड्याची मदत आता युनिव्हर्सल क्रेडिट या एकत्रित भत्त्यातून येते आणि ते खातं केंद्र सरकारचं आहे. कौन्सिल चालवते ते हाऊसिंग बेनिफिट आता मुख्यतः पेन्शनच्या वयाच्या लोकांसाठी आणि सपोर्टेड (देखभालीसह दिलेल्या) किंवा तात्पुरत्या निवासात राहणाऱ्यांसाठी उरलं आहे. दोन्हींचे नियम सारखे नाहीत. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्ही एकाच भांड्यात ढवळलीत.

‘सांगितलं की फ्रॉड.’ कायदा नेमका उलट बोलतो. १९९२ च्या सोशल सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन अ‍ॅक्टमध्ये १११ए हे मोठं कलम आहे, सात वर्षांपर्यंत कैदेचं. पण त्यासाठी अप्रामाणिकपणा सिद्ध व्हावा लागतो. त्याखालचं ११२ तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचं, तिथेही आपण खोटं सांगतोय हे माणसाला ठाऊक असावं लागतं. निष्काळजीपणाने चुकीची माहिती दिली तर त्यासाठी वेगळं कलम आहे, ११५सी. त्यात दंड ५० पौंड, आणि तोही चूक दुरुस्त करण्यासाठी माणसाने वाजवी पावलं उचलली नसतील तरच. म्हणजे चूक लक्षात आल्यावर स्वतःहून कळवणाऱ्याची सोय कलमातच करून ठेवली आहे.

आता गप्प बसणाऱ्याचं पाहा. बायकोला सफाईचं काम मिळालं, ते कळवायचं राहून गेलं. इथवर ती चूक. पुढे कौन्सिलचं वार्षिक पत्र आलं, त्यात बायकोच्या उत्पन्नापुढे शून्य छापलेलं आपण वाचलं आणि ‘मेसेजमध्ये गप्प बसा म्हटलंय’ म्हणून ते कपाटात ठेवलं, की प्रकरण दुसऱ्या कलमाच्या दारात उभं राहतं. परिस्थितीतला बदल माहीत असूनही अप्रामाणिकपणे न कळवणं हा १११ए खालीच गुन्हा आहे. आणि पगाराची बातमी फार दिवस लपत नाही. २०१३ पासून तिथला प्रत्येक मालक पगाराच्या दिवशीच, किंवा त्याआधी, कर खात्याला आकडा कळवतो, आणि ते आकडे बेनिफिटच्या नोंदींशी ताडून पाहिले जातात.

खटला आणि ५० पौंड यांच्यामध्ये आणखी एक पायरी आहे. खटल्याऐवजी जादा गेलेल्या रकमेच्या निम्मा दंड, कमीत कमी ३५० आणि जास्तीत जास्त ५,००० पौंड. तो मूळ रकमेच्या वर भरावा लागतो. ही पायरी मेसेजमध्ये कुठेच नाही, आणि गप्प बसणारा हिच्यावर येऊन पडू शकतो.

सेटल्ड स्टेटसची भीती खोटी नाही, पण चुकीच्या जागी लावलेली आहे. जादा मिळालेली रक्कम हे देणं आहे, शिक्षा नव्हे. परदेशी नागरिकाला आपोआप हद्दपार करण्याची २००७ च्या कायद्यातली तरतूद १२ महिने किंवा त्याहून जास्त कैदेची शिक्षा झालेल्यांसाठी आहे. तिथवर न्यायला दडवलेली मोठी रक्कम आणि वर्षानुवर्षांची लबाडी लागते. दीड महिन्याच्या पगाराची राहून गेलेली नोंद कोणाला तिथे नेत नाही.

चवथीबद्दलचा सल्ला मात्र सरळ नुकसान करणारा आहे. २८ जुलै २०१६ पासून ग्रेट ब्रिटनबाहेर राहून हाऊसिंग बेनिफिट चालू ठेवता येतं ते फक्त चार आठवडे. त्यात एक मेख आहे. चार आठवड्यांहून जास्त राहायचंच ठरवून निघालात, तर मदत पाचव्या आठवड्यापासून थांबत नाही, निघाल्या दिवसापासून थांबते. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीला येऊन दसरा करून परतणाऱ्या काकाकाकूंना हे कोणी सांगत नाही. ‘भाडं आम्ही भरतच होतो’ हे उत्तर तिथे चालत नाही. घरात कोणी वारलं आणि परतणं शक्यच नसेल तर जवळच्या नातेवाइकांसाठी आणखी चार आठवड्यांची मुभा असते, पण तीही कळवल्यावर. चार आठवड्यांसाठी येऊन इथे आजारी पडलात तर ते त्याच दिवशी कळवा. महिन्याभराने कळवलेलं आजारपण कोणाच्या मनाला पटणार?

गोव्यातल्या घराबाबत मेसेज सर्वांत जास्त चुकतो, आणि गंमत अशी की दोन्ही बाजूंनी चुकतो. राहत्या घराखेरीजची मालमत्ता भांडवल म्हणून धरतात, मग ती गोव्यातल्या साखळी गावात असो की स्विंडनमध्ये. भांडवल १६,००० पौंडांवर गेलं की हाऊसिंग बेनिफिट बंद. पेन्शन क्रेडिटचा (कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणाऱ्या भत्त्याचा) गॅरंटी भाग मिळणारे तेवढे यातून सुटतात. नवराबायकोचं भांडवल एकत्र मोजतात. आपल्याकडे गोव्यात तर लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर माहेरून आलेल्या हिश्शातही दोघांची निम्मी निम्मी मालकी होते, त्यामुळे ‘घर बायकोच्या वडिलांचं’ हा बचाव दोन्हीकडे लंगडा पडतो. एक-चौदाच्या (गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावरचं नाव सर्व्हे नंबर माहीत असलेला कोणीही ऑनलाइन बघू शकतो. शिवाय बँकेतल्या ठेवींची माहिती भारत आणि ब्रिटनची करखाती २०१७ पासून एकमेकांना देतात, घरं मात्र त्या माहितीत येत नाहीत.

पण दुसरी बाजू तेवढीच महत्त्वाची आहे, आणि ती भीतीपोटी कोणी वाचतच नाही. त्या घरात पेन्शनच्या वयाचे किंवा अपंग नातेवाईक राहत असतील तर ते घर मोजायचंच नाही, असा नियम आहे. गावच्या घरात म्हातारे आईबाप राहतात ना? मग बहुतेकांनी जे लपवलं ते लपवायची गरजच नव्हती. घर मोजलं तरी त्याची किंमत म्हणजे तुमच्या हिश्शाची, गोव्यातल्या बाजारभावाने, त्यातून कर्ज वजा आणि विक्रीच्या खर्चापोटी १० टक्के वजा. सहा भावंडांच्या अविभक्त घरातला एक हिस्सा, इन्व्हेंटरीची (वारसांमधल्या वाटणीची) केस अजून कोर्टात, वर मुंडकाराचा (मालकाच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचा) दावा. असा हिस्सा कोण, कितीला घेईल? तो आकडा कागदांसह मांडणं हे तुमचं काम. तो न मांडता गप्प बसलात तर आकडा दुसरा कोणीतरी ठरवेल.

कौन्सिलच्या चुकीबद्दलचं वाक्य अर्धं खरं. हाऊसिंग बेनिफिटमध्ये चूक पूर्णपणे कार्यालयाची असेल, तिला तुमचा हातभार नसेल आणि जादा पैसे येताहेत हे तुम्हाला वाजवीपणे कळण्यासारखं नसेल, तर वसुली होत नाही. पत्रात तुमचं उत्पन्न चुकीचं छापलेलं असताना ‘मला कळलंच नाही’ म्हणणं कठीण. आणि युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये ही सवलतच नाही. खात्याची चूक असली तरी ते पैसे मागू शकतात.

राहिली रकमेची भीती. इथे कबूल करणाऱ्याच्या हातात सर्वांत मोठं हत्यार आहे आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही. जादा रक्कम ठरवताना, सगळं खरं सांगितलं असतं तर त्या काळात किती मदत मिळाली असती ते काढून कौन्सिलला वजा करावं लागतं. हिशोबासाठी एक काल्पनिक उदाहरण घ्या: आठवड्याला १२० पौंड मिळत होते, खरे हक्काचे ८५. पन्नास आठवडे लोटले. पगाराच्या चिठ्ठ्या दिल्या नाहीत तर कौन्सिल पन्नास आठवड्यांची सगळी मदत रद्द करून ६,००० पौंड मागू शकते. चिठ्ठ्या दिल्या तर फरक ३५ चा, म्हणजे १,७५० पौंड. हे आपोआप होईल म्हणून थांबू नका. पत्रात तसं स्पष्ट मागा आणि त्या काळातल्या सगळ्या चिठ्ठ्या जोडा.

उरलेले पैसे बहुधा चालू मदतीतून दर आठवड्याला थोडे थोडे कापतात. कापलेला भाग भाड्यात आपण घालायचा असतो. तो घातला नाही तर थकबाकी होते आणि घर जाण्याचा खरा धोका तिथे सुरू होतो. कपात झेपत नसेल तर खर्चाचा तक्ता देऊन ती कमी करून मागता येते. निर्णयच पटला नाही तर फेरविचार किंवा अपील यासाठी पत्राच्या तारखेपासून एक महिना असतो.

कळवताना फोनवर भागवू नका. काय चुकलं, कोणत्या तारखेपासून, कधी लक्षात आलं, एवढं एका पानात लिहा आणि प्रत ठेवा. इंग्रजी जमत नसेल तर सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसमध्ये मदत फुकट मिळते. दोनशे पौंड घेऊन फॉर्म भरणाऱ्या गाववाल्या एजंटाकडे जायचं कारण नाही, पुष्कळदा मूळ चूक त्यानेच केलेली असते.

एका बाबतीत मात्र घाई नको. ज्याने जाणूनबुजून खोटं लिहिलं आहे, किंवा ज्याला ‘इंटरव्ह्यू अंडर कॉशन’चं (गुन्ह्याच्या संशयावरून होणाऱ्या चौकशीचं) पत्र आलं आहे, त्याने आधी सॉलिसिटरशी (वकिलाशी) बोलावं आणि मुलाखतीला त्याला सोबत न्यावं. तिथे बोललेलं पुढे कोर्टात वापरता येतं.