रक्ताच्या एका नळीत सगळे कॅन्सर सापडत नाहीत

गणपतीला चाकरमानी गावी येऊ लागले की कोकणातल्या वाडीवस्तीच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतो: ‘ट्यूमर मार्करचं पॅकेज करा, बारा कॅन्सर पहिल्याच पायरीला पकडा. रिपोर्ट नॉर्मल आला की वर्षभर निर्धास्त. मॅमोग्राफी नको, बायोप्सी नको.’ आईवडिलांच्या काळजीपोटी मुलं पैसे भरतात. काळजी खरी आहे, मेसेज खोटा आहे. ट्यूमर मार्कर म्हणजे काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारे पदार्थ.

पहिल्या पायरीचंच बघा. बीजकोशाच्या (ओव्हरीच्या) कॅन्सरसाठी सीए-१२५ हा मार्कर मोजतात, नॉर्मलची मर्यादा ३५. पण पहिल्या टप्प्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांत हा आकडा वाढलेलाच नसतो. उलट पाळी, गरोदरपण, फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढणं), पोटाचा टीबी यांत कॅन्सर नसताना वाढतो. तंबाखू ओढणाऱ्यांचा सीईए हा दुसरा मार्कर असाच थोडा चढा दिसतो. समजा, वरवर निरोगी दिसणाऱ्या दहा हजार बायकांपैकी चौघींना हा आजार आहे आणि तपासणी शंभरात फक्त दोघींना चुकीची ‘पॉझिटिव्ह’ ठरवते. तरी विनाकारण घाबरलेल्या सुमारे दोनशे होतात. त्यांचं सीटी स्कॅन, काहींचं ऑपरेशन, आणि कोल्हापूर-मुंबईच्या खेपा या कुठल्याच पॅकेजच्या किमतीत धरलेल्या नसतात. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. त्याच्या २०२१च्या निकालात, दरवर्षी सीए-१२५ तपासलेल्या गटातही या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नव्हते.

‘नॉर्मल म्हणजे निर्धास्त’ हे तर सर्वांत घातक. आपल्याकडे मिश्री आणि तंबाखू घरोघरी आहे. तोंडाचा किंवा गर्भाशयमुखाचा कॅन्सर निरोगी माणसात शोधून काढणारा भरवशाचा ट्यूमर मार्करच नाही. तोंडासाठी टॉर्च आणि चमचा लागतो: गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पुरतं न उघडणं, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टर गाठा, मार्कर कितीही नॉर्मल असोत. गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्क्यांचं, व्हिनेगरसारखं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून मिनिटभराने पाहतात. पांढरा पडलेला भाग संशयाचा. मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख बायकांच्या अभ्यासात टाटा मेमोरियल हॉस्पिटलने निम्म्या बायकांची ही तपासणी केली, तेव्हा त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. सरकारी कार्यक्रमात तिशीपासून तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची ही तपासणी मोफत आहे. आशाताईंना विचारा, त्या दिवस सांगतात.

राहिली बायोप्सी, म्हणजे संशयित भागाचा तुकडा काढून तपासणं. मार्कर फक्त संशय दाखवतो, निदान बहुतेक वेळा पेशी पाहूनच होतं. पीएसए हा पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा मार्कर वाढला तर आता आधी प्रोस्टेटचा एमआरआय करतात. त्यातून बायोप्सी लागेल की नाही हे ठरतं, आणि लागलीच तर सुई नेमकी कुठे घालायची तेही कळतं.

मार्कर निरुपयोगी नाहीत. कॅन्सर ठरल्यावर उपचार लागू पडतोय का, आजार परत येतोय का, हे ते चांगलं सांगतात. लिव्हर सिरॉसिस असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीबरोबर एएफपी हा लिव्हर कॅन्सरचा मार्कर करतात. पीएसए डॉक्टरांशी बोलून करावा, पण लघवीचा संसर्ग असताना नको. केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर लॅबला आधी सांगा. तिच्यामुळे काही यंत्रांवर पीएसए खोटा कमी येतो. आणि पुढचा नमुना त्याच लॅबमध्ये द्या. पद्धत बदलली की आकडाही बदलतो, आणि नसलेली वाढ दिसते.