फोन किती वर्षांनी बदलायचा? आधी चार्जिंगचं भोक बघा

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार. घाई असेल त्यांनी सरळ पुढे जा.

मोबाइल शोरूममध्ये हल्ली एक वाक्य सर्रास फेकतात. "किती वर्षं झाली? तीन? मग झालं की काका, आयुष्य संपलं याचं." म्हणजे फोन काय औषधाची बाटली आहे का, मागे एक्स्पायरी छापलेली?

माझं मोबाइल रिपेअरिंगचं काम. एसटीतून रिटायर झालेले एक काका आज माझ्याकडे नवा फोन घेऊन टेम्पर्ड काच लावायला आले होते. फोन २६,९९९चा, बारा हप्त्यांवर. जुना खिशातच होता. एक्स्चेंजला त्याचे ९०० रुपये सांगितले म्हणून काकांनी तो दिलाच नाही. जुन्याला काय झालं होतं विचारलं, तर म्हणाले, "चार्जच होत नाही हो. पिन हाताने दाबून धरावी लागते. शोरूमवाले म्हणाले बोर्ड गेला."

टॉर्च मारून टाइप-सीच्या भोकात बघितलं. तळाशी खिशातल्या कापडाचा भुगा दाबून दाबून नमद्यासारखा बसला होता. पिन शेवटपर्यंत जातच नव्हती, मग चार्ज कसा होणार? टूथपिकने तो थर काढला, केबल लावली, टक्क करून बसली. चार्जिंग सुरू. काका एकदा जुन्या फोनकडे बघतात, एकदा नव्याकडे. नव्याचं सील तुटलेलं, सिम घातलेलं. आता कोण परत घेणार?

हे घरी तपासता येतं म्हणून नीट सांगतो. केबल लावल्यावर पिनचा धातूचा भाग बाहेर दिसत असेल, किंवा फोन उलटा केल्यावर केबल आपोआप गळून पडत असेल, तर आत भुगा आहे असं समजा. दुसऱ्या केबलनेही तेच होतंय ना, हे आधी बघा, कारण निम्म्या वेळा केबलच गेलेली असते. मग फोन बंद करा. लाकडी टूथपिकचं टोक ब्लेडने चपटं तासा. टाइप-सीच्या मधोमध एक पातळ पट्टी असते, करंट नेणारे धातूचे सगळे कॉन्टॅक्ट तिच्यावर असतात, तिला हात लावायचा नाही. कडेकडेने टूथपिक तळापर्यंत घालायची आणि भुगा उकरून बाहेर ओढायचा. सुई, सेफ्टी पिन, यू-पिन अजिबात नको. ती पट्टी वाकली किंवा तिच्यावर ओरखडा गेला की मग खरंच जॅक, म्हणजे ते अख्खं भोकच, बदलावा लागतो. तोंडाने फुंकरही नको, थुंकीचा ओलावा आत जातो आणि कॉन्टॅक्ट हिरवे पडतात. साफ करूनही पिन हलत असेल तर जॅक झिजलाय. मध्यम किमतीच्या बऱ्याच फोनमध्ये तो वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो, लाइनीत त्याला सीसी बोर्ड म्हणतात. बहुतेक मॉडेलना हे काम हजाराच्या आत होतं. "बोर्ड गेला" या वाक्यात कुठला बोर्ड, हे विचारायचं असतं. मदरबोर्ड म्हणजे फोनचा मुख्य बोर्ड; तो आणि सीसी बोर्ड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि शोरूममधला पोरगा तो मुद्दाम सांगत नाही.

आता "दोन-तीन वर्षांत फोन स्लो होतोच" हे पालुपद. होतो. पण का होतो ते ऐका.

बॅटरीचं आयुष्य वर्षांत नाही, सायकलमध्ये मोजतात. शंभर टक्के चार्ज वापरला की एक सायकल. आज पन्नास टक्के वापरलात आणि उद्या पन्नास, तरी एकच. साधारण ५०० सायकलनंतर बॅटरी मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. ॲपल आयफोन १४पर्यंतच्या मॉडेलना हाच आकडा सांगते, आयफोन १५पासून १,००० सायकल. रोज एक सायकल धरली तर ५०० पूर्ण व्हायला दीड वर्ष पुरतं. लोकांना फोन "जुना" वाटायला लागतो तो नेमका याच सुमारास. फोन जुना झालेला नसतो हो, बॅटरी थकलेली असते.

थकलेल्या बॅटरीची खूण स्क्रीनवरच्या चार्जिंगच्या टक्क्यांत शोधू नका. तिचा आतला रोध वाढलेला असतो. जास्त करंट मागितला की व्होल्टेज एकदम खाली बसतं. म्हणून फोन ३० टक्के दाखवतो आणि कॅमेरा उघडून फ्लॅश मारला की धाडकन बंद पडतो. चार्जरला लावला की पुन्हा २५ टक्के. हे दिसलं की बॅटरी बदला, फोन नको. ॲपलने डिसेंबर २०१७मध्ये स्वतःच कबूल केलं होतं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग ते सॉफ्टवेअरने कमी करत होते, फोन असा अचानक बंद पडू नये म्हणून. बॅटरी बदलली की वेग परत. लोक मात्र तोवर नवे फोन घेऊन मोकळे झाले होते. २०२०मध्ये अमेरिकेतल्या दाव्यात त्यांनी ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. तेव्हा हे काही चहाच्या टपरीवरचं ज्ञान नाही.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, बॅटरी, बॅटरी हेल्थ. सॅमसंगमध्ये सॅमसंग मेंबर्स ॲपमध्ये डायग्नोस्टिक्स. क्षमता ८० टक्क्यांच्या खाली गेली असेल आणि त्रास होत असेल तर बदला, त्रास नसेल तर आकडा बघून जीव खाली-वर करू नका. मधल्या किमतीच्या अँड्रॉइडला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर साधारण दीड ते तीन हजार. बदलताना मागचं पॅनल गरम करून गोंद सोडवावा लागतो, त्यामुळे पाण्यापासूनचं संरक्षण पहिल्यासारखं राहील असं धरू नका. बॅटरी फुगून मागचं पॅनल किंवा डिस्प्लेची कड उचलली गेली असेल तर मात्र त्याच क्षणी चार्जिंग बंद. दाबून बसवायची नाही, टोचायची तर बिलकूल नाही.

आणि हो, कबूल करतो, आमच्या रिपेअरिंगच्या लाइनीतही चोर आहेत. ओरिजिनल सांगून कॉपी बॅटरी घालतात, ती सहा महिन्यांत बसते आणि मग बदनाम होतो फोन. बॅटरी कंपनीच्याच सेंटरवर बदला. माझ्या धंद्याला हे सोयीचं नाही, तरी सांगतोय.

स्लो होण्याचं दुसरं कारण स्टोरेज. काकांच्या ६४ जीबीच्या फोनमध्ये दीड जीबी शिल्लक होती. फोनचं स्टोरेज म्हणजे फ्लॅश मेमरी, तिला नवं लिहायला रिकामे ब्लॉक लागतात. ते नसले की जुनं हलवा, पुसा, मग लिहा, आणि फोन हँग. निदान दहा टक्के जागा मोकळी हवी. काकांच्या फोनमध्ये व्हॉट्सॲप उघडलं, सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज. वरतीच "पाच एमबीपेक्षा मोठ्या" फाइल्सची थप्पी. गणपतीचे व्हिडिओ, सुप्रभातवाले व्हिडिओ, एकच व्हिडिओ चार ग्रुपमधून चार वेळा. नातवाचे बाजूला काढून ठेवले, बाकी उडवले. मग चॅट्समध्ये जाऊन मीडिया व्हिजिबिलिटी बंद केली, म्हणजे ग्रुपमधला कचरा गॅलरीत भरत नाही. फोन पळायला लागला. काका म्हणाले, "हे मला आधी कुणी का नाही सांगितलं?"

कोण सांगणार? सांगणाऱ्याला टार्गेट असतं महिन्याचं.

आता पैशाचं बोलू. २७,००० रुपयांचा फोन दोन वर्षं वापरून टाकला तर महिन्याला ११२५ रुपये. तोच पाच वर्षं वापरला आणि मध्ये अडीच हजारांची बॅटरी घातली, तरी महिन्याला पाचशेच्या आत. "नो कॉस्ट" हप्ताही फुकट नसतो. बँक व्याज लावते, दुकान तेवढी सूट देतं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या माथी, वर प्रोसेसिंग फी. काकांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. फोनवर मुळात १८ टक्के जीएसटी आहेच, १ एप्रिल २०२०पासून. दर दोन वर्षांनी तो पुन्हा भरायची हौस कुणाला आहे?

तर मग बदलायचा कधी? एक्स्पायरी असतेच. ती फोनच्या वयात नाही, सेटिंग्जमध्ये सापडते. सेटिंग्ज, अबाउट फोन, अँड्रॉइड व्हर्जन, तिथे सिक्युरिटी अपडेटची, म्हणजे चोरांना घुसायच्या फटी बुजवणाऱ्या अपडेटची, तारीख असते. त्याच पानावर गूगल प्ले सिस्टिम अपडेटची वेगळी तारीख असते, ती बघून फसू नका. सिक्युरिटीची तारीख वर्षभराहून जुनी असेल आणि कंपनीने त्या मॉडेलचे अपडेट बंद केल्याचं तिच्या साइटवर दिसत असेल, तर त्या फोनवरून बँकेचे व्यवहार थांबवा. हे बदलायचं खरं कारण. फोन कितीही चकचकीत असला तरी.

खरेदीच्या वेळीही हाच आकडा बघायचा, मेगापिक्सेल नाही. गूगलने २०२३च्या पिक्सेल ८पासून आणि सॅमसंगने २०२४च्या गॅलेक्सी एस२४पासून सात वर्षांचे अपडेट जाहीर केले. स्वस्त फोनना यापेक्षा बरेच कमी, मॉडेलगणिक वेगळे. यातली मेख अशी की ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. दिवाळीच्या सेलमध्ये दीड वर्षापूर्वीचं मॉडेल "अर्ध्या किमतीत" घेतलंत, तर दीड वर्ष आधीच गेलेलं असतं. युरोपात २० जून २०२५पासून नियम आहे: मॉडेलची विक्री थांबल्यावरही निदान पाच वर्षं अपडेट, सात वर्षं सुटे भाग, आणि बॅटरी ८०० सायकलनंतरही ८० टक्के राहिली पाहिजे. आपल्याकडे डिसेंबर २०२२मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, सरकारी पोर्टल निघालं. चांगलंच आहे, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

दुसरं कारण दुरुस्तीचं एस्टिमेट. फोल्डर, म्हणजे टचसकट डिस्प्ले, अमोलेड असेल तर महाग पडतो. तशाच नव्या फोनच्या निम्म्या किमतीवर एस्टिमेट गेलं तर नवा घ्या, मी अडवणार नाही. पाण्यात पडून मदरबोर्डला गंज चढला असेल तर फक्त डेटा काढून घ्या आणि हात जोडा. तिसरं कारण, लागणारं ॲपच चालेनासं होणं. पण "व्हॉट्सॲप बंद होणार" म्हणून घाबरवतात ते ऐकू नका. जानेवारी २०२५मध्ये बंद झालं ते अँड्रॉइड ४.४वर, आणि ते व्हर्जन २०१३चं आहे. काकांचा फोन अँड्रॉइड १३वर होता आणि त्यांना शोरूममध्ये हीसुद्धा भीती घातली होती!

५जी हवं असेल तर ४जीवाल्यांना बदलावाच लागेल, मान्य. कॅमेऱ्यावर पोट असेल तर प्रश्नच नाही. बास, याहून जास्त मान्य करणार नाही.

थोडं शांत होऊन लिहितो. काका भोळे नाहीत. आयुष्यभर तिकिटांचा हिशोब पै-पैचा ठेवलेला माणूस. पण फोन बंद पडला की गॅस बुकिंग अडतं, दवाखान्याची अपॉइंटमेंट अडते, नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला अडतो. मुलाला सारखं विचारायचा संकोच. त्या भीतीपोटी माणूस सही करतो. तेव्हा ज्यांचे आई-वडील "फोन नीट चालत नाही रे" म्हणतात, त्यांनी लगेच ऑनलाइन ऑर्डर टाकून उदार होऊ नका. रविवारी तासभर बसा. भोक साफ करा, स्टोरेज मोकळं करा, बॅटरी बघा. दुचाकीच्या हँडलला फोन लावून फिरत असतील तर तो होल्डर काढून टाका. ॲपलने २०२१मध्येच सांगितलंय की इंजिनाच्या कंपनांनी कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी फोटो हलू न देणारी सोय, बिघडू शकतं, आणि आपले रस्ते तर काय विचारता.

इतकं करूनही बदलायचाच असेल तर नवा हातात आल्या आल्या जुना देऊन टाकू नका. यूपीआय नव्या फोनवर चालू करताना बँकेत नोंदलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये लागतं, त्यातून एसएमएस जातो. आणि पहिले २४ तास सहसा ५,००० रुपयांचीच मर्यादा असते, म्हणून भाड्याच्या किंवा हप्त्याच्या तारखेला फोन बदलू नका. व्हॉट्सॲपचा बॅकअप नव्यावर उतरला, बँकेची ॲप चालली, की मगच जुन्यातलं गूगल खातं सेटिंग्जमधून काढा आणि त्यानंतर फॅक्टरी रीसेट. खातं न काढता कुणी रिकव्हरी मोडमधून, म्हणजे बटणं दाबून उघडणाऱ्या मेनूतून, रीसेट मारला, तर फोन जुन्याच खात्याचा पासवर्ड मागत बसतो. सेकंड हँड घेणार असाल तर *#०६# लावून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बघा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा, चोरीचा निघाला तर पैसेही जातील आणि फोनही.

कमेंटमध्ये "माझा बदलू का" विचारणार आहात, ठाऊक आहे. विचारा. पण "तीन वर्षं झाली" एवढंच लिहू नका. मॉडेल, सिक्युरिटी अपडेटची तारीख, किती जीबी मोकळे आहेत आणि नेमका त्रास काय, हे चार लिहा. चार्ज होत नसेल तर भोकात टॉर्च मारून काढलेला फोटोही टाका.