काळ्या रानात मड टायर: एका फिरत्या सल्ल्याला उत्तर

गेल्या खरिपापासून आमच्या भागातील पिकअपवाल्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा की, फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ओढ मिळणाऱ्या) पिकअपचे मूळ टायर काढून रुंद, मोठ्या मापाचे आणि खोल नक्षीचे मड टायर बसवावेत. म्हणजे पावसाळ्यातही काळ्या रानात गाडी अडकत नाही, गाडी दोन इंच वर उचलली जाते, काट्याकुट्याची चिंता राहत नाही, डांबरावर काही फरक पडत नाही, आणि चारही एकदम परवडत नसतील तर आधी मागचे दोन बदलले तरी चालतात. परभणी जिल्ह्यात पूर्णेच्या काठी माझे रान आहे, आणि अशीच गाडी मी आखाड्यापासून, म्हणजे शेतातल्या वस्तीपासून, मोंढ्याच्या बाजारापर्यंत बारमाही चालवतो. सोयाबीनच्या पैशातून हे टायर घ्यायला निघालेली माणसे मी पाहिली आहेत, म्हणून प्रत्येक विधानाचे उत्तर सविस्तर देत आहे.

पहिले विधान न अडकण्याचे. मड टायरच्या ठोकळ्यांमध्ये रुंद पोकळी असते आणि चाक वेगाने फिरले की तिथली माती भिरकावली जाऊन नक्षी पुन्हा मोकळी होते, हे खरे आहे. बालाघाटच्या माथ्यावर, पाटोदा किंवा भूमच्या बाजूला, जिथे वीतभर चिखलाखाली मुरूम किंवा खडक लागतो, तिथे हे टायर उपयोगी पडतात. मात्र तिथेही रुंद टायरपेक्षा अरुंद टायर सरस ठरतो, कारण तो चिखल कापून खालच्या कठीण थराला जाऊन टेकतो. गोदावरी आणि पूर्णेच्या खोऱ्यातील भारी जमिनीत असा थर चाकाच्या आवाक्यात नसतोच. ही माती पाणी पिऊन फुगते, लोण्यासारखी मऊ होते आणि डिंकासारखी चिकटते. नक्षी मोकळी करण्यासाठी चाक जोरात फिरवावे, तर ते जागच्या जागी खड्डा खणते आणि गाडी पोटावर टेकते.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात, रात्री पाऊस पडून गेल्यावर, फवारणीचे पिंप घेऊन मी सकाळी पाणंदीत गाडी घातली. शंभर पावलांवर गाडी थांबली, आणि खाली उतरून पाहिले तर चाक फारसे रुतलेलेही नव्हते. टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत काळी माती इतकी ठासून बसली होती की चाकाला फिरायला जागाच उरली नव्हती. अर्धा तास खुरप्याने ती माती कोरून काढली, तेव्हा आतून जवळजवळ नव्या टायरची पूर्ण नक्षी निघाली. ती खोल होती, पण मातीच्या लपेट्याखाली तिचा जमिनीशी संबंधच आला नव्हता. आपल्या बापजाद्यांनी ओल्या रानात औत घालायचे की नाही हे वाफशावरून, म्हणजे जमीन कामापुरती सुकली आहे का ते पाहून, ठरवले. गाडीलाही तोच नियम लागू आहे. वाफसा नसताना घातलेली गाडी एखाद्या वेळी निघून आली, तरी चाकाखाली दबलेला पट्टा वाळल्यावर दगडासारखा होतो आणि रब्बीच्या पेरणीत तिफणीला तो सापडतोच.

नदीपात्रातील वाळूत मात्र खरोखर मदत होते, आणि ती फुकटची असते: टायरमधील हवा ३५ पीएसआयवरून २० च्या आसपास आणली की टायर लांबट पसरतो आणि वाळूवर तरंगल्यासारखा चालतो. १५ च्या खाली जाऊ नये, कारण वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो. आणि डांबरावर येण्यापूर्वी हवा पुन्हा भरलीच पाहिजे, नाहीतर वाकणाऱ्या बाजूच्या भिंती तापून टायर फुटतो.

दुसरे विधान दोन इंचांचे. इथे साधा हिशेब चुकला आहे. माझ्या गाडीला २४५/७० आर १६ हे माप आहे, म्हणजे चाकाची उंची सुमारे ७४९ मिलिमीटर. त्या मजकुरात सुचवलेले २६५/७५ आर १६ घेतले तर ती सुमारे ८०४ होते. फरक ५५ मिलिमीटरचा, म्हणजे दोन इंचांहून थोडा अधिक. पण ॲक्सल चाकाच्या मध्यावर असल्यामुळे त्यातील निम्मीच वाढ गाडीच्या पोटाखाली मिळते, म्हणजे जेमतेम एक इंच. उरलेली निम्मी वाढ वरच्या बाजूला जाते आणि मडगार्डची फट तितकीच कमी करते. ज्या फटीत माती भरून माझी गाडी थांबली, तीच फट पैसे देऊन आणखी अरुंद करून घेण्याचा हा सल्ला आहे. शिवाय चाकाचा घेर सात टक्क्यांनी वाढल्याने काटा ८० दाखवत असताना गाडी ८६ च्या जवळ असते, आणि पहिल्या गिअरमध्ये भरल्या गाडीची ओढ तेवढीच कमी होते.

तिसरे विधान काट्यांचे. मधली नक्षी जाड असते, त्यामुळे बाभळीचा काटा तिथे सहसा आरपार जात नाही, हे मान्य आहे. पण आपल्याकडे टायर खरा मरतो तो बाजूच्या भिंतीवर. विळ्याने तिरपी कापलेल्या तुरीचे किंवा पऱ्हाटीचे जमिनीत राहिलेले धसकट वाळले की खिळ्यासारखे होते, आणि भिंतीत शिरलेल्या धसकटाचे भोक भरवशाने दुरुस्त होत नाही. तो टायर बदलावाच लागतो. म्हणून विकत घेताना नक्षीपेक्षा भिंतीची मजबुती विचारावी आणि टायरवर लिहिलेला भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, पाहावा. १११ हा आकडा म्हणजे एका टायरला १,०९० किलो. मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर, तो दिसायला कितीही राकट असो, खताच्या गोण्या वाहणाऱ्या गाडीला बसवू नये.

डांबरावर फरक पडत नाही हे म्हणणे तर धोक्याचेच आहे. मोठ्या ठोकळ्यांमुळे रबराचा कमी भाग रस्त्याला टेकतो, आणि ओल्या डांबरावर पकड देणाऱ्या बारीक चिरा त्यावर कमी असतात, म्हणून ब्रेक दाबल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. फोर बाय फोर असल्याने थांबणे सुधारत नाही. चारही चाकांना मिळते ती फक्त ओढ. माझ्या गाडीच्या दहा किलोमीटरपैकी नऊ डांबरावर आणि सिमेंटवर होतात, आणि बहुतेकांचे तसेच असावे. अशा वापराला मूळ मापाचा ऑल टेरेन (रस्ता आणि रान दोन्हींसाठीचा मध्यम नक्षीचा) टायरच योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिले मागचे दोन. आपल्या बहुतेक पिकअपमध्ये फोर हाय किंवा फोर लो (चारही चाकांना ओढ देणारे वेगाचे आणि संथ पण जोराचे गिअर) लावले की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात आणि दोन्ही सारख्याच फेऱ्या घेतात. मागच्या चाकाचा घेर मोठा आणि पुढच्याचा लहान असेल, तर तेवढ्याच फेऱ्यांत दोन्ही वेगवेगळे अंतर कापू पाहतात, आणि तो ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे ओढ पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरच्या पेटीवर, साचत जातो. चिखलात चाक घसरून तो मोकळा होतो. कठीण रस्त्यावर होत नाही, आणि मग लिव्हर अडकतो किंवा दात तुटतात. दुकानातच चारही टायरचा घेर शिंप्याच्या टेपने मोजावा, बाजूच्या भिंतीवरील चार आकडी तारीख वाचावी (२४२३ म्हणजे २०२३ मधील २४ वा आठवडा), आणि स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी. कारण धसकट लागते ते आखाड्यावर, गावापासून लांब, आणि तिथून निघताना फोर लो लावावाच लागतो.