पादत्राण की पट्टी?

देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर बूट दिले, टोकन घेतलं, वळलो तोच मागून हाक आली, "ओ पावनं, ते बी काढा की." ते बी म्हणजे डाव्या घोट्यावरचा अँकल ब्रेस, मुरगळलेल्या घोट्याला आधार देणारा लेसवाला पट्टा. देऊळ कुठलं ते सांगत नाही. कोल्हापुरात देवळांना तोटा नाही, आणि मला तिथं पुन्हा जायचंय.

ज्यानं हा प्रकार कधी बांधला नाही त्याला यातला छळ कळायचा नाही. मेडिकलमध्ये मिळणारा मोज्यासारखा सपोर्ट वेगळा. तो सूज जरा दाबतो, पायाला ऊब देतो, पण घोटा वळायला लागला तर अडवत नाही. लेसवाला ब्रेस अडवतो, म्हणून त्याचे सोपस्कारही सोवळ्याचे. आधी पातळ सुती मोजा, एकही सुरकुती न ठेवता. मग बसून पाऊल नडगीशी काटकोनात धरायचं आणि टाच पार मागं सरकवायची. लेस खालून वर आवळत यायची, बोटांकडे सैल, घोट्याशी घट्ट. त्यावर दोन पट्टे इंग्रजी आठच्या आकड्यासारखे, पावलावरून तिरपे नेऊन तळव्याखालून वर. बाहेरच्या अंगाला वर येणारा पट्टा जास्त ताणायचा, कारण पाय बहुतेक वेळा आतल्या बाजूला मुरगळतो आणि बाहेरच्या घोट्यापुढचा अस्थिबंध आधी फाटतो. शेवटी अंगठ्याचं नख दाबून सोडायचं; दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. एवढं करून बूट घालावा तर तो चढत नाही. आतला सोल काढावा लागतो.

हे सगळं स्टँडवाल्याला सांगण्यात अर्थ नव्हता. मी एवढंच म्हणालो, "मामा, ही पट्टी आहे, औषधाची."

"चामडं हाय काय त्यात?"

"नायलॉन आहे."

"तळव्याखालनं जातंय न्हवं? मग चप्पलच की."

"अहो, टाच उघडी आहे बघा."

"कोल्हापुरीची बी टाच उघडीच असती."

यावर काय बोलणार? तरी बरं, हा ब्रेस लागल्यापासून मला कोल्हापुरी घालता येत नाही. अंगठ्यात मोजा शिरत नाही आणि मागं टाचेला धरून ठेवणारं काही नसतं.

तेवढ्यात रांगेतले एक टोपीवाले आजोबा पंच म्हणून पुढं आले. माझा घोटा त्यांनी वाकून, चष्मा वर करून पाहिला. "मुरगाळलाय? मग हे दावं कशाला? वस्तादाकडं जावा. एकदा कडाक् वाजीवला की पळाय लागतोय. खासबागेत पैलवानांच्या पायांत कधी पट्टं बघितल्यात का?"

खासबागेचं मैदान 1912 पासून आहे, तिथं लाल माती असते आणि ती मऊ असते. माझा पाय ज्यावर पडला तो फुटपाथचा निसटलेला पेव्हर ब्लॉक होता. त्याला ना माती, ना वस्ताद, ना कुणी धनी. पण 'तो ब्लॉक कुठला?' असं एकानंही विचारलं नाही, या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही. शिवाय पहिले दोन-तीन दिवस चोळणं, शेकणं, ओढणं म्हणजे आतला रक्तस्राव आणि सूज वाढवून घेणं. तेव्हा फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं आणि पाय छातीपेक्षा उंच. चार पावलंसुद्धा टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला, खालच्या 6 सेंटिमीटरमध्ये, दाबून दुखत असेल तर आधी एक्स-रे. वस्तादाचे डोळे कितीही तेज असले तरी हाडातली चीर त्यांना बाहेरून दिसत नाही.

"पट्ट्यानं पाय पांगळा हुतोय," आजोबा म्हणाले. होत नाही. पांगळा होतो तो नुसता पट्टा बांधून बसणाऱ्याचा. दुखणं उतरलं की एका पायावर तीस सेकंद उभं राहायचं, जमलं की डोळे मिटून. हा व्यायाम दर्शनाच्या रांगेत फुकटात होतो. लोकांना भक्ती वाटते. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायला टपलेलाच असतो आणि ब्रेसचा खरा उपयोग अशांनाच होतो. शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्ये उडी मारून दुसऱ्याच्या बुटावर उतरणाऱ्या पोरांनी तर तो बरं वाटल्यावरही पुढं कित्येक महिने खेळताना घालावा.

आजोबांकडं मात्र अजून एक हुकमी पत्ता होता. "माझा पुतण्या पायाळू हाय, पायाकडनं जन्मलेला. उसण भरली की लोक त्याच्याकडनं लाथ मारून घेत्यात. तुम्हाला मारायला लावू काय?"

"आजोबा, लाथ कमरेवर मारतात ना?"

"घोट्याला जरा हळू मारंल की."

मागची रांग गुरगुरायला लागली. मी तिथंच पायरीवर बसून पट्टे, लेस, सगळं सोडलं. स्टँडवाल्यानं ब्रेसचं वेगळं टोकन दिलं, वेगळे पैसे घेऊन. आत गुळगुळीत फरशी, त्यावर पाणी, म्हणजे दिवसभरात घोट्याला आधार हवा अशी जी एकच जागा होती, तिथं मी भिंत धरून चाललो.

बाहेर आलो तो मोजा चिंब. ओल्या मोज्यावर ब्रेस चढवायचा नाही, कातडी सोलते. म्हणून हल्ली खिशात एक कोरडा मोजा असतो. तो खिशात घेऊन आत गेलेलं चालतं का, ते मी स्टँडवाल्याला विचारलेलं नाही.