प्रोजेक्ट विकत घेऊ नका

परवा संध्याकाळी एका पालकांचा फोन आला. मुलगी एमएस्सी बायोटेकच्या सेकंड इयरला. म्हणाले, "मॅडम, ते प्रोजेक्टचं एका लॅबवाल्याने पंचवीस हजार सांगितलंय, रिपोर्टसकट, सर्टिफिकेटसकट, दीड महिन्यात मोकळं. भरून टाकू का?" आपण काही वावगं विचारतोय असं त्यांच्या आवाजात अजिबात नव्हतं, क्लासची फी विचारावी तसं सरळ विचारलं त्यांनी. मी नाही म्हटलं, फोनवर जमेल तेवढं समजावलं, पण तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून आज सगळं लिहून काढतेय. लांबलंय खूप, पण ज्यांच्या घरात कोणी एमएस्सी करतंय त्यांनी प्लीज पूर्ण वाचा.

मी नाशकात बरीच वर्षं एमएस्सीच्या मुलांना शिकवतेय. नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे रिसर्च प्रोजेक्टला तिसऱ्या सेमला ४ आणि चौथ्या सेमला ६ क्रेडिट आहेत, म्हणजे दोन वर्षांतला भलामोठा वाटा. बाकी सगळ्या प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधीच माहीत असतं, जर्नलमध्ये मागच्या बॅचचं रीडिंग असतं, मॅडमना पण माहीत असतं काय येणार ते. उत्तर कोणालाच माहीत नाही अशा प्रश्नासमोर मूल एकटं उभं राहतं ते फक्त प्रोजेक्टमध्ये. आणि नेमकं तेच आपण विकत घ्यायला निघालोय.

विकतच्या प्रोजेक्टमध्ये काय होतं ते मी स्वतः बघितलंय. एका टेबलाभोवती आठ-दहा मुलं उभी, मधे टेक्निशियन दादा सगळं करतो, मुलं मोबाईलवर फोटो काढतात. विषय ठरलेले, तुळशीच्या पानांचा अर्क नाहीतर कडुनिंबाचा, आणि प्लेटवर चार खड्डे पाडून झोन, म्हणजे अर्काने जंतू वाढू न दिलेले गोल, मोजायचे. तुळस-कडुनिंबावर माझा राग नाहीये हो, त्यातही मनापासून काम करता येतं, पण इथे प्रश्न मुलांचा नसतो, हात मुलांचा नसतो आणि शेवटी आकडे पण मुलांचे नसतात. एके वर्षी मी एक्स्टर्नल (बाहेरची परीक्षक) म्हणून गेले होते तिथे दोन वेगवेगळ्या मुलांच्या रिपोर्टमध्ये एकच जेलचा (डीएनएचे पट्टे दाखवणारा) फोटो होता. तिसऱ्या लेनच्या (रांगेच्या) खाली एक बुडबुडा होता गोल, तो दोन्हीकडे तसाच, त्याच जागी. सॅम्पल म्हणे एकाचं मातीतलं आणि दुसरीचं दह्यातलं. मी त्या मुलीला विचारलं, बाळा लॅडर (तुलनेसाठी टाकायचा ठरलेल्या मापाचा डीएनए) कुठल्या लेनला टाकला होतास गं, तर ती नुसती बघत राहिली आणि मग रडायलाच लागली. तिच्यावर चिडावं असं मला एक क्षणही वाटलं नाही. तिच्या वडिलांनी पैसे भरले होते, तिला वाटलं प्रोजेक्ट असाच असतो, आणि आम्ही शिक्षकांनी तिला दुसरं काही दाखवलंच नव्हतं.

माझा स्वतःचा प्रोजेक्ट पुण्याच्या एका संस्थेत झाला. पहिला महिना मी फक्त काचेची भांडी धुतली, टिपचे डबे भरले आणि ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) लावला, तेव्हा फार वाईट वाटायचं, की यासाठी का घर सोडून आले. लॅबमध्ये एक पीएचडी करणारी ताई होती, तिने मला पिपेट (थेंबाएवढा द्रव मोजून उचलायचं उपकरण) धरायला शिकवलं. दोन वर्षं एमएस्सी करत होते तरी मला पिपेट धरता येत नव्हतं! ताई म्हणाली, उचलताना पहिल्या स्टॉपपर्यंतच दाब, दुसरा स्टॉप सोडताना, आणि टिप द्रवात खुपसू नकोस, नुसती टेकव. दिवसभर ती मला काट्यावर पाणी मोजायला लावायची, शंभर मायक्रोलिटर म्हणजे शंभर मिलिग्रॅम यायलाच पाहिजे, सलग दहा वेळा. मग पीसीआर (डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं) सुरू केला, पानांचा डीएनए होता, तर सात आठवडे जेलवर बँडच, म्हणजे डीएनएचा पट्टाच नाही. प्राइमर बदलले, तापमान बदललं, डीएनए दुप्पट टाकला, काही नाही, जेल काळं ते काळंच. शेवटी ताई म्हणाली दहापट पातळ करून टाक बघू. मला पटलंच नाही, जास्त टाकून येत नाही ते कमी टाकून कसं येईल? पण आलं! पानातले फिनॉल आणि चिकट पॉलिसॅकराइड डीएनएसोबत येतात आणि पीसीआरच्या एन्झाइमला अडवतात, पातळ केलं की ते पण पातळ होतात. हे पुस्तकात एका ओळीत आहे आणि मी ती ओळ परीक्षेत लिहिली पण होती. तरी ते मला खऱ्या अर्थाने कळलं ते त्या सात आठवड्यांनंतर, आणि अजूनही कुठे काही अडलं की मी आधी विचारते, कमी करून बघितलं का?

आता माझ्या एका विद्यार्थिनीचं सांगते, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. ती निफाड तालुक्यातली, घरची द्राक्षबाग. तिने स्वतःहून विषय आणला, मॅडम मला डाउनीवर (द्राक्षावरच्या डाउनी मिल्ड्यू रोगावर) काम करायचंय, आमच्या बागेतल्या पानांवर जे बॅक्टेरिया असतात त्यातला एखादा डाउनीला अडवतो का बघायचं. द्राक्षवाल्यांना डाउनी म्हणजे काय ते सांगायला नको, ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आणि दव आलं की पानावर तेलकट डाग आणि खालच्या बाजूने पांढरी बुरशी, आणि घडावर गेली की वर्षाची मेहनत गेली. पुण्यातल्या एका संस्थेतल्या सरांनी तिला घ्यायचं कबूल केलं. तोपर्यंत तिने इथेच पानं आणून प्लेटवर डाउनी वाढवायचा प्रयत्न केला, तीन आठवडे, काहीच नाही, उगवायची ती दुसरीच काळी-हिरवी बुरशी. सरांना फोन केला तर ते म्हणाले अगं डाउनी प्लेटवर येतच नाही, ती जिवंत पानावरच जगते, पान मेलं की ती मेली. लहानपणापासून जो रोग घरात बघितला त्याची ही एवढी मोठी गोष्ट तिला माहीत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मी पण वेळेवर सांगितली नव्हती.

म्हणजे आता पानाच्या चकत्या कापायच्या, ओल्या फिल्टर पेपरवर खालची बाजू वर करून ठेवायच्या आणि त्यावर डाउनीचे बीजाणू सोडायचे. बरं, दर आठ-दहा दिवसांनी ताज्या पानावर बदली करायची, नाहीतर संपलं सगळं. आणि पान विनाफवारणीचं पाहिजे, ऑक्टोबर-नोव्हेंबरात निफाडमध्ये असं पान शोधून दाखवा! तिने वडिलांना दोन ओळी मागितल्या विनास्प्रेच्या. ते काही बोललेच नाहीत दोन दिवस, आणि बरोबरच आहे त्यांचं, दोन ओळी सोडणं म्हणजे अख्ख्या प्लॉटला निमंत्रण. मग त्यांनीच मार्ग काढला, थॉमसनच्या काड्या काळ्या पिशव्यांत लावून दिल्या, तीस-एक, घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये, बागेपासून लांब. दर शनिवारी ती निफाडला यायची आणि रविवारी संध्याकाळी थर्माकोलच्या डब्यात ओल्या कपड्यात गुंडाळलेली पानं घेऊन पुण्याच्या बसमध्ये बसायची. जानेवारीत एकदा डब्याचं झाकण सैल राहिलं, पानं वाळली, डाउनी गेली, आणि तोपर्यंत शिवारात नवीन डाउनी पण मिळेना. मग लॅबमधल्या दुसऱ्या मुलाने स्वतःच्या चकत्यांवरची थोडी दिली तेव्हा काम परत उभं राहिलं.

रिझल्ट काय आला? अकरा बॅक्टेरिया तपासले, दोघांनी पहिल्या वेळेस बऱ्यापैकी अडवलं, पण तीनदा करून बघितल्यावर टिकलं नाही. तिने तसंच लिहिलं रिपोर्टमध्ये. परीक्षक म्हणाले मग पॉझिटिव्ह रिझल्ट कुठाय, आणि मार्क कमी पडले. मला त्याचं आजही मनापासून वाईट वाटतं. जे आलं नाही ते आलं नाही असं लिहिणाऱ्या मुलीला कमी मार्क आणि बुडबुड्याचा फोटो चिकटवणाऱ्याला फर्स्ट क्लास, हे आपण परीक्षकांनीच थांबवायला पाहिजे, दुसरं कोणी येऊन थांबवणार नाहीये. तीन वेळा करून न टिकलेला रिझल्ट म्हणजे पूर्ण झालेलं काम आहे, त्याला पूर्ण मार्क द्या.

मागच्या दिवाळीत मी त्या निफाडच्या मुलीच्या घरी गेले होते. तिचे वडील सांगत होते, हल्ली दुकानदार नवीन जैविक औषधाची बाटली घेऊन आला की ते विचारतात, किती वेळा करून बघितलं? आणि बाजूला न मारलेलं झाड ठेवलं होतं का? हे मुलीकडून ऐकून ऐकून त्यांच्या तोंडात बसलंय. कंट्रोल (तुलनेसाठी औषधाशिवाय ठेवलेलं) हा शब्द ते वापरत नाहीत, "न मारलेलं झाड" म्हणतात, आणि मला वाटतं आमच्या क्लासरूममध्ये पण आम्ही हेच म्हणायला पाहिजे.

आता कोणी म्हणेल नाशिकमध्ये आहे काय रिसर्चला. अहो खूप आहे! निफाडच्या कृषी संशोधन केंद्रातून गव्हाचे जे वाण निघाले त्यांची नावं त्र्यंबक आणि तपोवन आहेत, आपल्याच नाशकाची. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं विकिरण केंद्र आहे, २००७ मध्ये अमेरिकेला हापूस गेला तो तिथून विकिरण करून गेला. आणि कांदा-लसूण संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र १९९४ मध्ये नाशिकमध्येच सुरू झालं होतं, १९९८ मध्ये ते राजगुरुनगरला गेलं. पुण्याच्या बसमधून आपली मुलं राजगुरुनगरवरून जातात, कानात हेडफोन घालून, आणि कितीजणांना माहीत असतं की आपल्या कांद्याचं एवढं मोठं काम इथे चालतं? कांद्याचा जीनोम माणसाच्या पाचपट मोठा आहे, साधारण १६०० कोटी अक्षरं, आणि आपण त्याला फक्त भाव पडला की आठवतो. द्राक्षाला जीए देतो ना आपण डिपिंगला (घड द्रावणात बुडवताना), ते जिबरेलिक अॅसिड मुळात एका बुरशीतून सापडलेलं आहे, जपानी शास्त्रज्ञ भाताच्या रोपांवरच्या रोगाचा अभ्यास करत होते त्यातून. म्हणजे बायोटेक्नॉलॉजी आपल्या बांधावरच आहे.

आणि पुणे काय लांब नाही. मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, आघारकर संशोधन संस्था, पेशींवर काम करणारं एनसीसीएस, पाषाणला एनसीएल म्हणजे राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळा. एनसीएलमध्येच डॉ. मास्कारेन्हस आणि डॉ. रजनी नाडगौडा यांच्या टीमने बांबूला टेस्ट ट्यूबमध्ये फुलं आणली होती, १९९० मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं ते. जो बांबू कित्येक दशकांतून एकदा फुलतो तो काचेच्या भांड्यात काही महिन्यांत फुलला! मी हे वर्गात सांगते तेव्हा दरवर्षी एक-दोन मुलांचे डोळे चमकतात, आणि त्या एक-दोघांना तिथपर्यंत पोचवायचं एवढंच आपलं काम आहे.

पोचणं अवघड आहे हे मला मान्य आहे. मुलं चाळीस सायंटिस्टना एकाच मेलमध्ये सगळ्यांचे पत्ते टाकून "रिस्पेक्टेड सर, आय वॉन्ट प्रोजेक्ट" पाठवतात आणि उत्तर येत नाही म्हणून खचतात. तसं नका करू. एकाच सायंटिस्टचा एक पेपर नीट वाचा, कळला नाही तर आम्हाला विचारा, आणि त्यातलं तुम्हाला काय पडताळून बघावंसं वाटतं ते चार ओळीत लिहा. जानेवारीत जायचं असेल तर जुलै-ऑगस्टलाच मेल गेला पाहिजे, दिवाळीनंतर जागा राहत नाहीत. डिपार्टमेंटचं पत्र लागतं, ते आम्ही त्याच दिवशी द्यायला पाहिजे, आठ-आठ दिवस सहीसाठी मुलांना फिरवू नये. तीन विज्ञान अकादम्यांची मिळून उन्हाळ्याची फेलोशिप असते दोन महिन्यांची, तिचे फॉर्म साधारण दिवाळीच्या आसपास निघतात, फर्स्ट इयरच्या मुलांनी तो फॉर्म भराच, निवड झाली तर पैसे तुम्हाला मिळतात, द्यावे लागत नाहीत.

आणि संस्थांमधल्या लोकांना हात जोडून विनंती, मोठ्या विद्यापीठाचं नाव नसलेला मेल पण उघडून वाचा. दिंडोरीच्या, सटाण्याच्या, येवल्याच्या मुलीला पिपेट धरता येत नसेल पहिल्या दिवशी, मला पण येत नव्हतं. एक महिना द्या तिला.

त्या पालकांना मी काल परत फोन केला. म्हटलं ते पंचवीस हजार मुलीला पुण्यात पाच-सहा महिने राहायला द्या, तेवढ्यात पूर्ण भागणार नाही पण बरंचसं भागेल. त्यांनी एकच विचारलं, "मॅडम, आणि काही आलंच नाही तर?" मी म्हटलं तसंच लिहायचं, आणि व्हायवाला (तोंडी परीक्षेला) मी तिच्या बाजूने बसेन. ते हो म्हणालेत.

यंदा तिच्यासकट माझ्याकडे दोघीजणी आहेत. दुसरीला साठवलेल्या कांद्यावर जी काळी बुरशी येते त्यावर काम करायचंय, राजगुरुनगरला विचारणा केलीय, उत्तराची वाट बघतोय. राजगुरुनगर किंवा पुण्यात पाषाण-बाणेर बाजूला कोणाच्या ओळखीत मुलींसाठी कमी भाड्याची, घरगुती खोली असेल, जानेवारी ते जून, तर कृपया मेसेज करा. आणि नाशिकचे जे कोणी आज एखाद्या संस्थेत पीएचडी करताय, शनिवारी अर्धा तास या मुलींशी फोनवर बोलायची तयारी असेल तर तेही सांगा, मी नंबर जोडून देते.